शालेय आवाराचे हरितीकरण आणि त्याचा निधी (बेळगाव सीमाभाग)

प्राथमिक शाळेच्या अंगणात सावली, पाणी मुरण्याची जागा आणि जिवंत माती निर्माण करून ते कडक ऊन व अतिवृष्टी दोन्ही सोसेल असे करणे, आणि त्यासाठी सरकारी खात्यांतून व गावातून पैसा उभा करणे. पैशाचा भाग अवघड आहे, म्हणून ही नोंद मुख्यतः त्याविषयी आहे.

एकाच जिल्ह्यात गरजा टोकाच्या आहेत. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या घाटमाथ्यावर वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. तिथे तांबडी माती वाहून जाते. अथणीकडे पाऊस ६०० मिमीच्या आतबाहेर, आणि दुपारी पटांगणात उभे राहवत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा व मलप्रभेच्या काठच्या अनेक गावांत पाणी शिरले. अनुदानाचा हिशेब मात्र पटसंख्येवर होतो, पावसावर किंवा आवाराच्या आकारावर नाही. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या (२०१८) निकषांत १०१ ते २५० मुलांच्या शाळेला वर्षाला ५०,००० रुपये, तर शंभरापर्यंत पट असलेल्या शाळेला २५,००० किंवा त्याहून कमी संयुक्त अनुदान मिळते. खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सारे त्यातच भागवायचे. जंगलालगतच्या लहान मराठी शाळांवर हा निकष अन्याय करतो. पट कमी असला तरी अंगण लहान नसते.

उरलेला पैसा तुकड्यातुकड्यांनी येतो. इको क्लबसाठी (मुलांचे पर्यावरण मंडळ) कनिष्ठ प्राथमिक शाळेला ५,००० व उच्च प्राथमिकला १५,००० रुपयांची तरतूद आहे. अक्षर दासोहाच्या (कर्नाटकातील माध्यान्ह भोजन योजना) स्वयंपाकघरालगत पोषणबाग करता येते, आणि मुलांच्या हात धुण्याचे पाणी तिकडे वळवले तर ती उन्हाळ्यातही तग धरते. वनखात्याच्या ‘मगुविगोंदु मर, शालेगोंदु वन’ (मुलामागे एक झाड, शाळेमागे एक वन) या उपक्रमातून रोपे मिळत आली आहेत. मोठे खोदकाम ग्रामपंचायतीमार्फत होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, म्हणजे ‘नरेगा’त, मजुरी व साहित्याचे प्रमाण ६० : ४० ठरले होते. चर, शोषखड्डे, मातीचे बांध अशा मजुरीप्रधान कामांना ते सोयीचे होते. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने बहुधा त्या मर्यादेत येत नाहीत. ते देतात ती देणगी स्वखुशीची. माजी विद्यार्थ्यांची वर्गणी आणि श्रमदान यांचा आधार मोठा आहे.

अर्जाची वाटही समजून घ्यावी लागते. ठराव शाळा सुधारणा समितीचा (एसडीएमसी), पुढे पंचायतीचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) किंवा तालुक्याचे बीईओ (गटशिक्षणाधिकारी). कारभाराची भाषा कन्नड असल्याने मराठी शाळेतील पालकांना ठराव व अंदाजपत्रक कन्नडमध्ये करून घ्यावे लागते. कन्नड उत्तम लिहिणारा एखादा पालक समितीत असला की फाइल हलते, हे इथे सगळे जाणतात.

देणगीदाराला दिसणारे काम हवे असते, म्हणून पैसा पेव्हर ब्लॉक आणि रंगीत कुंपणाकडे वळतो. ब्लॉक मोजता येतात, बिल लगेच निघते. पण ते तापतात आणि पाणी मुरू देत नाहीत. त्याच रकमेत आधी छपराचे पाणी टाकीत किंवा शोषखड्ड्यात उतरवावे, माती भुसभुशीत करावी, मग करंज, जांभूळ, कडुलिंब, चिंच लावावी. पूर येणाऱ्या काठावर करंज व अर्जुन अधिक भरवशाचे.

सर्वांत मोठी उणीव देखभालीच्या खर्चाची आहे. रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावे लागते, आणि सुट्टी नेमकी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत असते. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा आळ्यात काटक्या उरलेल्या असतात. म्हणून मागणीपत्रात रोपांच्या किमतीबरोबर तीन उन्हाळ्यांचे पाणी, पाणी हळूहळू झिरपावे म्हणून रोपाजवळ पुरायची मडकी आणि पाणी घालणाऱ्याचा मेहनताना वेगळा दाखवावा. ते पैसे मंजूर होत नसतील, तर शंभर रोपांऐवजी वीसच लावावीत आणि त्यांची देखभाल शेजारच्या घरांत वाटून द्यावी. कोणते झाड कोणाच्या घराकडे, हे ठरावातच नावानिशी लिहून घ्यावे.