आयबीएसमधील अन्नपदार्थांची पुनर्चाचणी

वारंवार पोट दुखणे, गुबारा धरणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ ही आयबीएस या आतड्याच्या विकाराची लक्षणे. कोणत्या पदार्थाने ती बळावतात हे शोधण्यासाठी वर्ज्य केलेले पदार्थ मोजून, क्रमाने पुन्हा खाऊन पाहतात, तीच पुनर्चाचणी. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन, स्यू शेफर्ड आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या लो-फॉडमॅप आहाराचा हा दुसरा टप्पा आहे.

फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी काही कर्बोदके: गहू, कांदा, लसणातील फ्रुक्टन, कडधान्यांतील गॅलॅक्टन, दुधातील लॅक्टोज, आंबा-मधातील जादा फ्रुक्टोज, सॉर्बिटॉल-मॅनिटॉलसारखे पॉलिऑल. ती आतड्यात पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना आंबवतात, वायू होतो आणि आतडे ताणले जाते. असे सर्वांच्याच पोटात घडते. आयबीएसमध्ये आतडे हळवे असल्याने तो ताण दुखतो.

पहिल्या टप्प्यात २ ते ६ आठवडे हे पदार्थ कमी करतात. आराम पडला की बरेच जण तिथेच थांबतात, आणि खरी चूक तीच. हे पथ्य लांबले तर आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया हे उपयुक्त जिवाणू घटतात, ताटही विनाकारण आखडते. मात्र पथ्याने फरकच पडला नसेल, तर पुनर्चाचणीला अर्थ नाही.

चाचणीत बाकीचा आहार पथ्याचाच ठेवून एका वेळी एकच गट तपासतात. दुधाचे उदाहरण घ्या: पहिल्या दिवशी अर्धा कप, मग पाऊण, तिसऱ्या दिवशी पूर्ण कप. त्रास झाला की थांबायचे. पोट पूर्ववत होईपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, पुढचा गट घ्यायचा नाही. वहीत माप, वेळ, लक्षणे लिहायची. पाळी, जागरण, ताण यांचीही नोंद हवी, नाहीतर दोष उगाच दुधावर जातो. सफरचंदात फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉल दोन्ही असल्याने ते चाचणीला निरुपयोगी.

मराठी स्वयंपाकात फ्रुक्टनची चाचणी सर्वांत किचकट. गहू, कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासावे लागतात, आणि वाटणातून, गोडा मसाल्याबरोबरच्या फोडणीतून कांदा-लसूण नकळत पोटात जातो. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. फ्रुक्टन पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो आणि पथ्यही मोडत नाही. आमटीत उकळलेली पाकळी नंतर काढून मात्र उपयोग नाही.

गहू सोडण्यापूर्वी सिलिअॅक रोगाची (गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गहू बंद असताना ती चुकीची नकारात्मक येऊ शकते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टर गाठावा. चाचणी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली करणे उत्तम. निकाल बहुधा ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ असा नसतो, ‘इतके चालते’ असा असतो. सहनशक्ती काळानुसार बदलते. आज न पचलेला पदार्थ काही महिन्यांनी पुन्हा तपासता येतो.