एमएस, घरचं ‘करणं’ आणि 40 टक्क्यांचा आकडा : पार्श्वभूमी

एमएसला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसला, दिव्यांग सर्टिफिकेट मिळतं का, हे लातूर, बीड, धाराशिव कुठंही जा, पेशंटच्या घरचे विचारतातच, अन् उत्तर येतं की मिळतं, पण अपंगत्वाचे टक्के बसले पाहिजेत. हे टक्के कुठून आले आणि ज्या गोष्टींसाठी घरातलं माणूस रात्रंदिवस राबतं त्या गोष्टी त्यात का बसत नाहीत, तेवढ्यासाठीच हे लिहितोय. एमएसमधे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण जातं, त्रास अटॅकसारखा येतो आणि कधी उतरतोही, याहून जास्त सांगत नाही, वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरात ती फाईल असेल.

जुना इतिहास थोडक्यात. 1868 साली पॅरिसमधे या आजाराचं नीट वर्णन झालं, आणि त्यानंतर आजाराचा वेग बदलणारं पहिलं औषध यायला 1993 उजाडलं. मधली सव्वाशे वर्षं पेशंटला जे काही मिळालं ते मुख्यतः सेवेतूनच, कूस बदलणं, आंघोळ, लघवी, जेवण भरवणं. निदानाची एक जुनी पद्धत तर अशी होती की पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवायचं आणि त्रास वाढतो का बघायचं, एमआरआय आल्यावर ती मागं पडली. श्रमानंतर नजर अंधूक होते हे 1890 लाच लिहून ठेवलेलं आहे, त्यामागं अंगाची गरमी असते हे नंतर कळलं. आपल्याकडं एप्रिल-मेमधे 42-43 डिग्रीला पत्र्याच्या घरात तीच परीक्षा रोज होते.

मराठवाड्यात या आजाराला नावच नव्हतं. 1948 पर्यंत आपण निजामाकडं, औरंगाबादला सरकारी मेडिकल कॉलेज आलं 1956 ला, अंबाजोगाईला सत्तरच्या दशकात, नांदेडला 1988, लातूरला 2002. त्यामुळं ज्या बाईचे पाय गेले तिच्या ‘अंगावरून वारं गेलं’ एवढंच म्हणायचे, आणि दोन महिन्यांनी ती आपोआप चालायला लागली की लोक म्हणायचे बाहेरचं काहीतरी होतं, उतरलं. परत वर्षानं पाय गेले की मग माहेरी. हा आजार बायकांमधे पुरुषांच्या दुपटीहून जास्त आणि तोही बहुतेक वीस ते चाळीस वयात, म्हणजे लग्न, लेकरं, शेतातलं काम ऐन भरात असताना. डॉक्टर मंडळीसुद्धा बरीच वर्षं हा गोऱ्यांचा आजार धरून चालायची, मुंबईतल्या पारशांमधे जास्त दिसतो एवढंच माहीत होतं. नंतर मंगळुरूकडच्या एका पाहणीत लाखाला साधारण 8 पेशंट निघाले. आणखी एक गुंता असा की एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका), डोळ्याची नस आणि मज्जारज्जू धरणारा हा वेगळा आजार, आपल्याकडं एमएस म्हणूनच फाईलला लागायचा. त्याची रक्ततपासणी ज्या शोधामुळं शक्य झाली तो 2004 चा. एमएसची काही औषधं त्यात उलटी पडतात, म्हणून ज्यांची फाईल जुनी आहे आणि ही तपासणी झालेलीच नाही त्यांनी डॉक्टरांना एकदा जरूर विचारा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडं शुश्रूषा हा शब्द पुस्तकात, घरात शब्द आहे ‘करणं’. ‘तिचं कोण करतं?’ ‘सासूच करते.’ बाहेरच्या देशांत नव्वदच्या दशकापासून फक्त एमएससाठी तयार झालेल्या नर्स आल्या, त्या फोनवर असतात, इंजेक्शन शिकवतात, लघवीचं बघतात, संसाराचं पण बोलतात. आपल्याकडं ते काम आई, सासू, नवरा, मोठी लेक यांच्यावर पडलं, कुणी काही शिकवलं नाही, जो तो आपापल्या परीनं शिकला.

आमच्या ताईचं सांगतो. एप्रिलमधे सकाळी सातला ती भिंतीला हात लावून मोरीपर्यंत स्वतः जाते. अकरानंतर पाऊल उचलत नाही, चप्पल फरफटते. दोन वाजता तिला बाजेवरून उठवायला दोघं लागतात, आई माठातल्या पाण्यात पंचा पिळून मानेवर ठेवते, लाईट गेली की पुठ्ठ्यानं वारा घालते. संध्याकाळी परत ती स्वतः उठून चहा मागते. बघणाऱ्याला वाटतं दुपारी नाटक करत होती. नाटक नाही ते, अंग तापलं की ज्या नसांवरचं आवरण गेलंय त्यांच्यातून निरोपच नीट जात नाही, अंग थंड झालं की परत जातो.

लघवीचं तर याहून अवघड. ताईला घाई लागते आणि तरी पूर्ण होत नाही, मागं राहतेच. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते सगळ्यांना आठवत असेल, त्या उन्हाळ्यात ती पाणी प्यायचंच कमी करून बसली, एक तर पाणी नाही आणि प्यायलं की सारखं कुणालातरी उठवा. मग लघवीला इन्फेक्शन, ताप, आणि एका रात्रीत दोन्ही पाय गेले. आम्ही घाबरलो, एमएसचा अटॅक आला म्हणून थेट गाडी करून सोलापूरला, स्टेरॉईडची तयारी ठेवूनच. तिथं एका सिस्टरनं आधी लघवी तपासायला लावली. इन्फेक्शन उतरलं तसे पाय पण आले, स्टेरॉईड लागलंच नाही. त्याच सिस्टरनं आईला शिकवलं की हात साबणानं धुवून दिवसातून ठरलेल्या वेळी नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर काढायची. ही पद्धत 1972 पासून जगात आहे. आमच्या गावात लोकांना फक्त कायमची लावलेली पिशवी माहीत, आणि पिशवी लागली म्हणजे संपलंच असं धरतात. आईचं शिक्षण चौथी, पण आठ दिवसांत तिला जमलं. नंतर ताई स्वतः करायला लागली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा एका लग्नाला आली, तीन तास बसली.

आता टक्क्यांकडं येतो. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि एमएस त्यात नव्हता. ज्याचे पाय गेले त्याला ‘अस्थिव्यंग’ या दारातून आत जावं लागायचं. शब्द बघा, अस्थिव्यंग, आणि एमएसमधे बिघाड हाडात नसतोच, मेंदूत आणि मज्जारज्जूत असतो. नंतर 2016 चा कायदा आला, प्रकार 21 झाले, एमएस नावानिशी यादीत आला, जुनाट न्यूरॉलॉजिकल आजारांमधे पार्किन्सनच्या शेजारी, अगदी व्याख्येसकट. घराघरात आनंद झाला तो खरा होता, आम्ही पण पेढे वाटले. पण त्याच कायद्यात नोकरीतलं 4 टक्के आरक्षण ज्या गटांना वाटून दिलंय त्यात एमएसचं नाव नाही. शिक्षणातलं 5 टक्के सगळ्या लक्षणीय दिव्यांगांना, तिथं चालतो. म्हणजे यादीत आहे, कॉलेजला चालतो आणि नोकरीला परत अस्थिव्यंगच्या किंवा दृष्टीच्या दारातून जा. या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात की आजार बदलता आहे, कायमचं आरक्षण कशाच्या आधारावर द्यायचं. मला ते पटत नाही, कारण आजार बदलता असला तरी जात नाही, जन्मभराचा आहे.

आणि ‘लक्षणीय’ म्हणजे 40 टक्के. आमच्या ताईला सर्टिफिकेटच्या तपासणीला जानेवारीत सकाळी दहाला बोलावलं, थंडी होती, ती चालत गेली, पाय उचलून दाखव म्हटलं तर उचलून दाखवला. आकडा चाळीसच्या खाली. दुपारचं कुणी विचारलं नाही, नळीचं विचारलं नाही, वाटीभर डाळ निवडली की तास दोन तास पडून राहावं लागतं तो थकवा तर कागदावर कुठंच नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांना एकट्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण जगभर वापरतात ती 0 ते 10 ची एमएसची पट्टीसुद्धा 4 च्या पुढं बरीचशी चालण्यावरच मोजते, किती मीटर, काठी घेऊन की बिनकाठीचं. त्याच्या उलट 1995 ला खास एमएससाठी 54 प्रश्नांची आयुष्याच्या दर्जाची प्रश्नावली आली, त्यात थकवा, दुखणं, मन लागणं, नवरा-बायकोचं, सगळं येतं. पण तिचा वापर राहिला अभ्यासापुरता, सर्टिफिकेटच्या टेबलापर्यंत ती पोचली नाही. आपल्याकडं महिन्याची निराधारची मदत, एसटीची सवलत सगळं त्या चाळीसला बांधलेलं, त्यामुळं चुकीची गोष्ट मोजली गेली की घराला थेट फटका बसतो.

याच 2016 च्या कायद्यात ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी, त्यांचं करणाऱ्या माणसापोटी भत्ता देण्याचीही तरतूद लिहिलेली आहे. आमच्या आसपास तो मिळालेलं एकही घर मला माहीत नाही. औषधांचं मात्र चित्र जरा बदललं. 2023 ला जागतिक अत्यावश्यक औषधांच्या यादीत पहिल्यांदा एमएसची औषधं आली, त्यात रिटुक्सिमॅब पण आहे, जे आपल्याकडं तुलनेनं परवडतं म्हणून बरेच डॉक्टर आधीपासून देत होते.

सर्टिफिकेट मान्य नसेल तर अपील करता येतं, तेही कायद्यातच आहे. आम्ही अर्ज दिलाय. सोबत आईनं वहीत लिहिलेली महिन्याभराची लघवीची नोंद जोडलीय, वेळ आणि मिली सकट, आणि एकाच दिवसाचे दोन व्हिडिओ, सकाळी सातचा आणि दुपारी दोनचा. तपासणी मे महिन्यात, दुपारनंतरची मागितलीय.