मनगटावरचं घड्याळ आणि येरवड्याची भीती

पर्वती चढून आलेला माणूस घड्याळातली पावलं चारचौघांत दाखवतो. तेच घड्याळ ताण वाढल्याचं सांगू लागलं, की बाही खाली ओढतो. हा संकोच घड्याळापेक्षा बराच जुना आहे.

येरवड्याचं मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळातलं, अडीच हजारांवर खाटांचं. ‘येरवड्याला पाठवा याला’ हा टोमणा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालला. मन आणि यंत्र म्हटलं, की जुन्या माणसांना आठवतो तो शॉकच. विजेचे झटके देण्याची ही पद्धत १९३८ मध्ये रोममध्ये सुरू झाली. भूल न देता झटके देण्यावर आपल्याकडे कायद्याने बंदी आली ती थेट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. मधल्या काळात हिंदी सिनेमाने त्या भीतीला भरपूर तिखटमीठ लावलं.

शहर बदलत होतंच. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही येरवड्याच्याच आवारात. २०१७ च्या कायद्याच्या मसुद्यातही पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या डॉ. सौमित्र पाठारे यांचा हात होता.

घड्याळं आली ती व्यायामाच्या दाराने, म्हणून त्यांना कुणी बिचकलं नाही. फिटबिटचा २००९ चा पहिला ट्रॅकर तर कपड्याला अडकवायचा होता, पावलं मोजणारा. आजच्या घड्याळाच्या पोटातला हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहाचे चढउतार टिपतो. त्यावरून ठोक्यांमधलं अंतर निघतं आणि त्यातून ताणाचा आकडा. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वैतागलेला, लागोपाठ तीन चहा ढोसलेला आणि खरोखर खचलेला, तिघांचेही आकडे सारखे येऊ शकतात. मनाचं निदान म्हणून त्याकडे बघू नये, हे माझं स्पष्ट मत.

उपचाराच्या जवळ जाणारी उपकरणं वेगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये नाइटवेअरला परवानगी दिली. आघातानंतर भयंकर स्वप्नं पडणाऱ्यांच्या मनगटावरचं घड्याळ झोपेतला अस्वस्थपणा ओळखून हलकेच थरथरतं, माणूस जागा न होता स्वप्न मोडावं म्हणून. त्याआधी २०१७ मध्ये स्किझोफ्रेनियावरच्या एका गोळीत सेन्सर बसवून मंजुरी मिळाली. गोळी पोटात गेली, की अंगावरच्या पट्टीला कळतं, पट्टीकडून मोबाइलला. आपल्याकडे हे काम आई करते, ‘जीभ वर कर बघू’ म्हणत. पण आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय या भासाने ग्रासलेल्याच्या अंगावर अशी पट्टी चिकटवायची, हे मला अजून पचलेलं नाही.

पूर्वी धास्ती असायची कोंडून घालण्याची. आता ती माहिती फुटण्याची आहे: स्थळ बघणाऱ्यांना कळलं तर, कंपनीच्या एचआरला कळलं तर? विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवा, असं २०१७ चा कायदा सांगतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधनही तो घालतो, पण ते उपचार करणाऱ्यांवर. स्वतःच्या हौसेने घेतलेल्या घड्याळाच्या कंपनीकडे जमलेले रात्रीचे ठोके त्या बंधनाबाहेरच राहतात. त्यांच्यासाठी २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीचा कायदा आहे, आणि त्याचा बराचसा डोलारा संमतीवर उभा आहे. ती संमती आपण घड्याळ पहिल्यांदा चालू करताना, न वाचता, अंगठ्याने देऊन टाकलेली असते.