गरोदरपणातली मळमळ: दोष पोटाचा नाही, मनाचा तर नाहीच

‘जरा मन खंबीर कर, सगळ्याच बायका यातून जातात.’ उलट्यांनी हैराण झालेल्या गरोदर बाईला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. विसाव्या शतकात बराच काळ काही डॉक्टरसुद्धा असंच काहीसं मानत. तिला मनातून हे मूल नको आहे म्हणून उलट्या होतात, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा होताच, पण क्रूरही होता.

दहापैकी सात-आठ गरोदर स्त्रियांना मळमळ होते. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती सुरू होते, नवव्याच्या आसपास कळस गाठते आणि बहुतेकींच्या बाबतीत सोळा ते वीस आठवड्यांत ओसरते. सकाळीच होते असंही नाही, दिवसभरात कधीही होऊ शकते.

हे का होतं? अनेक वर्षं संशयाची सुई एचसीजी या संप्रेरकावर होती. आज सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो जीडीएफ-१५ नावाच्या प्रथिनाविरुद्ध, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. आपल्या पेशी ताणाखाली आल्या की हे प्रथिन रक्तात सोडतात. एरवी त्याचं प्रमाण कमी असतं, पण गरोदरपणात वार (प्लासेंटा) ते भरपूर तयार करते. ते ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, २०१७ मध्ये सापडला. त्याचं नाव जीएफआरएएल. तो असतो मेंदूच्या मागच्या, तळाकडच्या एका छोट्याशा भागात. मेंदूत इतरत्र बहुतेक ठिकाणी रक्तातले पदार्थ सहज शिरू शकत नाहीत, पण इथला अडथळा विरळ आहे. रक्तात विष आलं तर ते चटकन कळावं आणि उलटी होऊन जावी, हे या भागाचं कामच आहे. जीडीएफ-१५ तिथे पोचलं की भूक मरते आणि मळमळायला लागतं.

मग एकीला नुसती मळमळ आणि दुसरीला थेट सलाईन, असं का? मार्लेना फेझो, स्टीफन ओ’राहिली हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात याचं उत्तर मांडलं. आईच्या रक्तातलं बहुतेक जीडीएफ-१५ गर्भ आणि वारेकडून येतं. ते किती येतं याला महत्त्व आहेच, पण आईला आधीपासून त्याची किती सवय आहे यालाही तितकंच आहे. गर्भधारणेपूर्वी जिच्या रक्तात ते कमी असतं, तिला अचानक वाढलेलं प्रमाण जास्त झोंबतं. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ते कायमच चढलेलं असतं, आणि अशा स्त्रियांना मळमळ फारच कमी होते. रेल्वेरुळांशेजारी राहणाऱ्याची झोप गाडीच्या आवाजाने मोडत नाही, तसंच हे. उंदरांनाही आधी या प्रथिनाची सवय लावली, तर नंतरच्या मोठ्या मात्रेचा त्रास कमी झाला.

आता खाण्याकडे येऊ. कोणताही पदार्थ वारेतून येणारं जीडीएफ-१५ थांबवत नाही. पण मेंदूच्या त्याच परिसरात जठराकडूनही निरोप येत असतात, व्हेगस चेतातंतूवाटे. जठराच्या स्नायूंमधून मिनिटाला साधारण तीन विद्युतलहरी जातात आणि त्या तालावर अन्न घुसळलं जातं. मळमळ होणाऱ्या गरोदर स्त्रियांत हा ताल बिघडलेला दिसतो. १९९९ च्या एका अभ्यासात अशा स्त्रियांना तितक्याच उष्मांकांचं वेगवेगळं जेवण दिलं. पिष्टमय किंवा स्निग्ध जेवणापेक्षा प्रथिनयुक्त जेवणाने मळमळही जास्त कमी झाली आणि तालही अधिक सावरला.

म्हणून पोट रिकामं ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. दर दीड-दोन तासांनी थोडं थोडं खावं, त्यात डाळ, अंडं, दही, शेंगदाणे असं काहीतरी असावं. सकाळी अंथरुणातच कोरडं बिस्कीट किंवा टोस्ट खाऊन पंधरा-वीस मिनिटांनी उठावं. तळलेलं, तुपकट पोटात जास्त वेळ रेंगाळतं, ते टाळलेलं बरं. पाणी जेवणाबरोबर ढसाढसा न पिता मधल्या वेळात घोट घोट घ्यावं. वासाने ढवळत असेल तर गार पदार्थ खाऊन बघावेत, कारण गरम अन्नातून वासाचे रेणू जास्त उडतात. आल्याचा फायदा चाचण्यांत दिसला आहे, दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठीइतक्या मात्रेत. पण तो उलटीपेक्षा मळमळीवर जास्त. लोहाच्या गोळीने त्रास वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून ती काही काळ थांबवता येते, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचं.

‘बाळाचं पोषण कसं होणार?’ ही धास्ती वेगळीच. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांकांची गरज जवळजवळ नसते. त्या काळात जे पोटात टिकेल ते खावं, आदर्श आहाराचे तक्ते बाजूला ठेवावेत. आणि उलट्यांवरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्यांकडे लक्षच देऊ नये. तीव्र उलट्यांत मुलींचे गर्भ सरासरीने किंचित जास्त आढळतात, पण त्यावरून एका बाईबद्दल काहीच सांगता येत नाही.

औषधांचीही उगाच भीती आहे. १९५७ ते १९६१ या काळात, गरोदरपणातल्या मळमळीवरही दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळांचे हातपाय हिरावले, त्याची सावली अजून आहे. पण ब-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिन हे औषध ही जोडी दीर्घकाळ तपासलेली आहे. खाण्याने भागत नसेल तर डॉक्टरांकडे तिची चौकशी करावी.

दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद किंवा फारच कमी होत असेल, वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठावा. तिथे उलट्या किती आठवडे चालू आहेत हे आवर्जून सांगावं. शरीरातला ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांतच संपत येतो. तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून ब-१ आधी द्यावं लागतं.