लॅकॉक

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील एक लहान खेडे. चिपनहॅम या बाजारगावाच्या दक्षिणेस सुमारे ५ किमी.वर, एव्हन नदीकाठी वसलेले. हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीट या चार रस्त्यांच्या चौकोनात जवळजवळ सारे जुने गाव मावते. बहुतेक घरे अठराव्या शतकातली किंवा त्याआधीची आहेत. जुने मठ आणि चर्च इंग्लंडात पुष्कळ गावांत आहेत. मठ, चर्च, कोठार, खाणावळी आणि साध्या माणसांची घरे अशी सगळी मांडणी जागच्या जागी शाबूत असलेली गावे मात्र थोडी. त्यांत लॅकॉक फार वरचे.

१०८६ च्या ‘डूम्सडे’ महसूल पाहणीत या गावाच्या नावावर दोन पाणगिरण्या आणि एक द्राक्षमळा लागलेला दिसतो. गावाला खरा आकार आला तो मठामुळे. सॉल्झबरीची काउंटेस ईला हिने पती विल्यम लाँगस्पे याच्या निधनानंतर १२३२ मध्ये ऑगस्टिनियन या ख्रिस्ती पंथाच्या साध्वींसाठी हा मठ स्थापला. पुढे तिने स्वतः दीक्षा घेतली आणि मठाची प्रमुखही झाली. गाव मठाच्या मालकीचे होते. आठवडी बाजार आणि जत्रेचे हक्क मिळाले, लोकरीचा व्यापार वाढला. हाय स्ट्रीट एवढा रुंद आहे, कारण बाजार तिथेच भरे.

राजा आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडीत काढले तेव्हा १५३९ मध्ये हा मठही बंद झाला. तो विल्यम शॅरिंग्टनने विकत घेतला. त्याने मठाचे चर्च पाडले, पण ओवऱ्या, सभादालन आणि साध्वींची ऊबखोली (शेकोटी असलेली खोली) तशीच ठेवून त्यांच्यावर आपला वाडा चढवला. त्यामुळे आज तळमजल्यावर मध्ययुगीन मठ आणि वर सोळाव्या शतकातला वाडा, अशी दुर्मिळ जोडणी पाहायला मिळते. कोपऱ्यावरचा अष्टकोनी बुरूज त्यानेच बांधला. त्यात मौल्यवान चीजवस्तू ठेवण्याची दगडी खोली आहे. हाच शॅरिंग्टन ब्रिस्टलच्या टांकसाळीत अधिकारी असताना हलकी नाणी पाडून हिशेब बदलल्याबद्दल १५४९ मध्ये पकडला गेला. नंतर माफी मिळून, पैसे भरून त्याने जमीनजुमला परत मिळवला. ऊबखोलीत आज काशाचा एक प्रचंड हंडा आहे. १५०० मध्ये तो आजच्या बेल्जियममधील मेखेलेन येथे ओतला गेला आणि त्यात सुमारे ३०० लिटर मावतात.

गावातले चौदाव्या शतकातले आठखणी कोठार सावकाश पाहावे. मठाची कुळे खंड धान्य, कातडी आणि लोकर अशा रूपात आणून घालत, ते इथे साठे. जमीन चोपून घट्ट केलेल्या मातीची. छताचा भार घेणाऱ्या लाकडी जोड्या हे खरे पाहण्याजोगे काम आहे. मुळातच वाकलेले ओकचे झाड निवडून त्याचा बुंधा उभा चिरायचा. दोन्ही फाका एकसारख्या वाकाच्या निघतात. त्या समोरासमोर उभ्या करून माथ्याशी जोडल्या की खांब आणि वासा ही दोन्ही कामे एकच लाकूड करते. चर्च स्ट्रीटवरच्या एका घराच्या टोकाच्या भिंतीत अशी जोडी बाहेरून स्पष्ट दिसते. ओक ओला असतानाच कापत, कारण वाळल्यावर त्याला छिन्नी सहज लागत नाही. सांध्याची दोन भोके मुद्दाम किंचित चुकवून पाडत, म्हणजे लाकडी खुंटी ठोकताना सांधा आपोआप आवळला जाई. लाकूड वाळताना पिळते, म्हणून या घरांच्या भिंती आणि आढी कुठे कुठे झुकलेली दिसतात. तेवढ्यावरून घर धोक्यात आहे असे समजू नये.

लाकडी सांगाड्यामधली जागा कुडाने भरत. ओकच्या उभ्या काठ्यांत हेझेल या झुडपाच्या लवचिक फांद्या विणायच्या, त्यावर चिकणमाती, पेंढा आणि शेण यांचा थर द्यायचा आणि वरून चुना. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा हा सर्वांत घातक उपाय. भिंत ओल शोषते आणि चुन्यातून ती बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते आणि ओकची तळची तुळई आतल्या आत कुजते. बाहेरून वर्षानुवर्षे काहीच कळत नाही. म्हणून दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते, तीही थंडी सुरू होण्याआधी, कारण ताजा चुना गोठला की भुगा होऊन पडतो. छपरावरच्या दगडी फरश्यांचे दुखणे वेगळे: दगड टिकतो, फरश्या अडकवलेल्या खुंट्या आधी जातात. मोठ्या फरश्या वळचणीकडे आणि लहान आढ्याकडे असतात, तेव्हा उतरवताना आकारवार लावून ठेवल्या नाहीत तर परत बसवणे जिकिरीचे होते.

कोठाराला लागूनच घुमटाकार छताची अठराव्या शतकातली छोटी दगडी कोठडी आहे. दारू पिऊन दंगा करणाऱ्यांना तिथे कोंडत. सेंट सिरिअॅक चर्च मुख्यतः पंधराव्या शतकातले. तिथल्या ईशान्येकडच्या चॅपेलची (छोट्या प्रार्थनादालनाची) दगडी छतावरची नक्षी आणि शॅरिंग्टनचे थडगे चुकवू नये.

मठवाडा वारसाने टॅलबट घराण्याकडे आला. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट (१८००–१८७७) याने ऑगस्ट १८३५ मध्ये दक्षिण दालनातल्या जाळीदार खिडकीचे छायाचित्र घेतले. उपलब्ध असलेली ही सर्वांत जुनी निगेटिव्ह टपाल तिकिटाएवढीच आहे. कागद मिठाच्या पाण्यात बुडवून सुकवायचा आणि वर सिल्व्हर नायट्रेट फासायचे. मीठ जास्त झाले तर कागद मंदावतो, कमी असले तर प्रकाशाला लवकर काळवंडतो, हे त्याने हेरले. म्हणूनच चित्र उमटल्यावर ते टिकवायला तो तीव्र मिठाचे द्रावण वापरी. काळ्याचे पांढरे झालेल्या या कागदावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, हे या पद्धतीचे मोठेपण. १८४० मध्ये त्याला कागदात दडलेली, डोळ्यांना न दिसणारी प्रतिमा गॅलिक आम्लाने उठवण्याची युक्ती सापडली. ही खिडकी आजही जागेवर आहे.

गाव टिकले ते एका मालकीमुळे आणि उतरत्या कळेमुळे. लोकरीचा धंदा ओसरला, रेल्वे चिपनहॅमला गेली, नव्याने घर बांधण्याइतका पैसा कुणाकडे उरला नाही. १९४४ मध्ये माटिल्डा टॅलबट यांनी मठवाडा आणि गाव नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिले. मठात जपलेली मॅग्ना कार्टा या राजसत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेची १२२५ ची प्रत पुढे त्यांनीच ब्रिटिश म्युझियमला दिली. आज ट्रस्ट बहुतेक घरे भाड्याने देतो. मठवाड्याला तिकीट आहे, गावात फिरायला नाही. घरांत माणसे राहतात, ती बाहेरूनच पाहावीत.