जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये मोठे इंजिन बसवायचे असल्यास : पात्रता, परवानगी आणि कागदपत्रे

महिंद्राच्या जीप घराण्यातील जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप दारात असली की कधी ना कधी इंजिनाचा प्रश्न उभा राहतोच. ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याला, तडा जातो, क्रँक (इंजिनातील मुख्य फिरता दांडा) आणखी घासून घेण्याइतके माप उरत नाही, किंवा भरलेली गाडी घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, आणि मग ‘दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा मोठेच इंजिन बसवून टाका’ असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. गॅरेजच्या दृष्टीने ते काही दिवसांचे काम असते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे आरटीओच्या, दृष्टीने मात्र तो वाहनाच्या नोंदलेल्या ओळखीतील बदल असतो, आणि तो बदल आधी मंजूर होऊन मग प्रत्यक्षात यावा लागतो. हा क्रम उलटा झाल्यामुळे चांगल्या, जिवापाड सांभाळलेल्या गाड्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ या विषयाचा पाया आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसीतील) तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा कोणताही बदल मालकाने वाहनात करू नये, असे या कलमाचे पहिलेच वाक्य सांगते. इंधनाचा किंवा ऊर्जेचा प्रकार बदलण्यासाठी, उदाहरणार्थ सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसाठी, मान्यताप्राप्त किट बसवण्याची मुभा त्यात स्वतंत्रपणे दिलेली आहे. किमान १० परिवहन वाहने बाळगणाऱ्या मालकाला ‘त्याच मेकचे (म्हणजे त्याच उत्पादकाचे) आणि त्याच प्रकारचे’ इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलण्याची परवानगी राज्य सरकार अधिसूचनेद्वारे देऊ शकते. पण अशा मालकानेही १४ दिवसांच्या आत बदल कळवून शुल्कासह आरसी नोंदीसाठी सादर करावी लागते. एक-दोन गाड्या असलेल्या आपल्यासारख्या मालकांना ही सवलत नाही. तरीही ‘तोच मेक, तोच प्रकार’ ही शब्दरचना नीट लक्षात ठेवावी, कारण इंजिन बदलाच्या अर्जाकडे पाहताना अधिकाऱ्याच्या मनात हाच निकष असतो.

केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल नोंदवून घेता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर ‘पूर्वी अमुक कार्यालयात अशी नोंद होत असे’ या युक्तिवादाला फारसा आधार उरलेला नाही.

कोणते मोठे इंजिन पात्र ठरू शकते

येथे सीसीचा आकडा निर्णायक नसतो. ते इंजिन त्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी दिलेले होते काय, हा खरा प्रश्न असतो. महिंद्राच्या एमएम ५४० चे उदाहरण घेऊ. या गाडीत प्यूजोच्या परवान्याखाली तयार झालेले एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन होते. पुढे याच घराण्यातील एमएम ५५० एक्सडी या गाडीत एक्सडी३पी हे २४९८ सीसीचे इंजिन आले. दोन्ही इंजिने एकाच कुळातील असल्यामुळे गॅरेजवाले त्यांना सहज एकमेकांच्या जागी बसवतात. परंतु यांत्रिकदृष्ट्या बसते म्हणून ते कागदावर बसेलच असे नाही. एमएम ५४० च्या आरसीवर २११२ हाच आकडा आहे, आणि २४९८ सीसीची नोंद मागायची असेल तर संबंधित मॉडेलमध्ये ते इंजिन कंपनीनेच दिले होते, हे उत्पादकाच्या लेखी पत्राने किंवा मान्यता कागदपत्राने दाखवावे लागते. असा पुरावा जोडूनही मंजुरी हा अर्जदाराचा हक्क ठरत नाही. नोंदणी प्राधिकारी कारणे नोंदवून अर्ज नाकारू शकतो. पुरावाच नसेल, तर मोठ्या इंजिनाचा विचार तेथेच सोडून मूळ प्रकारचे इंजिन शोधणे शहाणपणाचे आहे.

दुसऱ्या कंपनीचे इंजिन, मग ते जपानी असो की आपल्याकडच्याच एखाद्या नव्या एसयूव्हीतून काढलेले कॉमनरेल (नव्या पद्धतीचे उच्च दाबाचे डिझेल) इंजिन असो, या मार्गाने नोंदवले जात नाही. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट बनवावी लागते, चेसिसवरचे माउंटिंग (इंजिन टेकवण्याचे आधार) कापून पुन्हा वेल्ड करावे लागते, आणि जुन्या ड्रम ब्रेकवर व अ‍ॅक्सलवर त्यांच्या कुवतीपेक्षा अधिक भार येतो. लो-रेंजमध्ये, म्हणजे अवघड वाटेसाठीच्या संथ गिअरमध्ये, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दुपटीहून अधिक वाढवून अ‍ॅक्सलकडे पाठवते. एरवी सहज चालणारे अ‍ॅक्सल शाफ्ट चिखलात चाक अडकल्यावर त्यामुळेच तुटतात. नियम येथे निव्वळ अडवणूक म्हणून उभा नाही, हे मालकांनी मोकळ्या मनाने मान्य करावे असे मला वाटते.

पेट्रोल जीपमध्ये इंधन बदलायचे असेल तर मार्ग वेगळा आहे. त्यासाठी बसवायचे किट केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने मान्य केलेले असावे लागते. पुण्यातील एआरएआय व सीआयआरटी आणि अहिल्यानगर येथील व्हीआरडीई या संस्था त्यात मोडतात. वाहन विजेवर चालणारे करायचे असल्यास किट एआयएस-१२३ या मानकानुसार मान्य असले पाहिजे.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी असेल, तर इंजिनाला हात लावण्यापूर्वी आणखी एक विचार करावा. जुलै २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज वाहन नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेल्या, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेल्या खासगी गाड्यांनाच व्हिंटेज नोंदणी मिळते. विलीज काळातील एफ-हेड हरिकेन पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली जीप या दर्जाला मुकते. जुने इंजिन चालू स्थितीत असेल तर ते विकू नका, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

इंजिनाचा स्वतःचा इतिहास

बहुतेक अर्ज नियमापाशी अडकत नाहीत, ते पावतीपाशी अडकतात. वापरलेले इंजिन ज्या गाडीतून काढले, त्या गाडीची नोंदणी कलम ५५ नुसार रद्द झालेली असावी. गाडी निकामी झाल्यावर १४ दिवसांत ते कळवणे तिच्या मालकाचे कर्तव्य असते. ती रद्द झाली नसेल, तर तोच इंजिन क्रमांक परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत दुसऱ्या चालू गाडीच्या नावावर दिसतो आणि तुमची नोंद पुढे सरकत नाही. म्हणून विक्रेत्याकडून जीएसटी बिल, त्यावर पूर्ण इंजिन क्रमांक, मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणी रद्द झाल्याचा आदेश किंवा भंगार प्रमाणपत्राची प्रत हे सारे पैसे देण्यापूर्वी हातात घ्यावे. मी स्वतः एकदा साध्या कागदावरची पावती घेऊन इंजिन आणले होते. तिच्यावर ‘एक डिझेल इंजिन, चालू’ एवढेच लिहिलेले होते. अर्ज परत आला, विक्रेत्याने दुसरी पावती द्यायला नकार दिला, आणि ते इंजिन दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून राहिले.

चोरीच्या वाहनांच्या नोंदीत तो क्रमांक नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सुविधेवरून तपासून त्या अहवालाची प्रत जोडावी. ब्लॉकवरचा क्रमांक घासून पुन्हा पंच केलेला दिसला तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. कंपनीकडून नवा सुटा ब्लॉक घेतल्यास क्रमांकाची पट्टी कोरी असू शकते. त्यावर स्वतःहून क्रमांक न टाकता तशी परवानगी अर्जातच मागावी.

अर्ज आणि तपासणी

अर्ज परिवहन विभागाच्या याच ‘वाहन’ पोर्टलवरून करायचा असतो. नोंदणी क्रमांक आणि चेसिस क्रमांकाचे शेवटचे ५ अंक भरल्यावर नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, त्यानंतर वाहनातील बदलाची सेवा निवडून शुल्क भरावे आणि कागदपत्रे चढवावीत. जुन्या गाड्यांच्या बाबतीत दोन अडथळे याआधीच येतात. पुस्तकी आरसी असलेल्या पुष्कळ गाड्यांची माहिती संगणकात आलेली नसते, त्यामुळे प्रथम मूळ कार्यालयात बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या माहितीची संगणकात भरणी, करून घ्यावी लागते. तसेच १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची असल्याने ती बसवलेली नसल्यास इतर कामे थांबू शकतात.

अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मालकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, इंजिनाचे बिल व वर सांगितलेली मूळ गाडीची कागदपत्रे, उत्पादकाचे पत्र आणि काम करणाऱ्या गॅरेजचे लेखी पत्र तयार ठेवावे. जुने इंजिन का काढले आणि त्याचे पुढे काय केले, हे सांगणारे शपथपत्र जोडलेले बरे. गाडीवर कर्ज असल्यास वित्तसंस्थेची लेखी संमती आवश्यक आहे. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर योग्यता प्रमाणपत्रही लागते. ८ वर्षांहून जुन्या परिवहन वाहनासाठी ते दरवर्षी घ्यावे लागते, त्यामुळे त्याची मुदत पाहूनच कामाची तारीख ठरवावी.

लेखी मंजुरी हाती आल्यावर इंजिन बसवून गाडी तपासणीसाठी न्यावी. आदल्या दिवशी ब्लॉकवरील क्रमांकाची पट्टी आणि चेसिसवरचा क्रमांक रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ करून ठेवावा. मोटार वाहन निरीक्षक त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासतात, आणि काळ्या पट्ट्यात एकेक अंक पांढरा उमटत जातो. हीच ती पेन्सिल प्रिंट. पट्टीवर रंगाचा थर असला तर ३ आणि ८ यांत फरक कळत नाही आणि दुसरी फेरी पडते. माउंटिंग, सायलेन्सर, रेडिएटरची नळी, ब्रेक आणि डिझेलची गळती याही गोष्टी पाहिल्या जातात. सर्व योग्य आढळल्यास नवा इंजिन क्रमांक, आणि मंजूर असल्यास नवी घनक्षमता, आरसीवर नोंदवली जाते.

त्यानंतर विमा

सुधारित आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीवर लेखी नोंद करून घ्यावी. खासगी मोटारीच्या त्रयस्थ पक्ष विम्यात १५०० सीसीच्या वरच्या सर्व गाड्या एकाच गटात येतात, म्हणून २११२ वरून २४९८ सीसीवर गेल्याने तो हप्ता बदलत नाही. मालवाहू गाडीचा हप्ता तर एकूण वजनावर ठरतो. खर्च वाढत नसताना ही नोंद टाळण्याचे कारण नाही, आणि ती नसेल तर अपघातानंतर दावा अडतो.

परवानगीविना बदल केल्यास कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘गाडी फक्त शेतात किंवा ऑफ-रोड स्पर्धेतच चालवतो’ हा बचावही भक्कम नाही, कारण नोंदणीची अट घालणारे कलम ३९ सार्वजनिक ठिकाणाबरोबर ‘अन्य कोणत्याही ठिकाणी’ असेही म्हणते. ज्यांच्या गाडीत मागच्या मालकाने असे इंजिन आधीच बसवलेले आहे, त्यांनी १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीची वाट पाहू नये. गाडी विकत घेतानाच आरसीवरील क्रमांक आणि ब्लॉकवरील क्रमांक स्वतः पेन्सिल घासून जुळवावा, आणि तो जुळत नसेल तर व्यवहार होण्याआधी दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्याकडून लेखी घ्यावी.