नवसाची मांजरं

प्राचीन इजिप्तमध्ये मांजराला ‘मिउ’ म्हणत. आपली माऊही त्याच आवाजातून आली. तिथल्या घरात साप-विंचू आणि कणगीत उंदीर. मांजर पाळायला एवढं पुरे. अमेनहोतेप तिसरा या फेरोचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, मुलगा थुतमोस याने तर आपल्या मांजरीसाठी चुनखडीच्या दगडाची कोरीव शवपेटी करवून घेतली. तिच्यावर मांजरीबाई नैवेद्याच्या मेजापुढे ऐटीत बसल्या आहेत. नाव ता-मिउ, म्हणजे मनीच.

बास्तेत देवी आधी सिंहमुखी होती, पुढे मांजरमुखी झाली. तिचं मुख्य ठाणं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं बुबास्तिस. घरचं मांजर मेलं की माणसं भुवया भादरतात, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय. इ.स.पू. ६०च्या सुमारास एका रोमन माणसाच्या हातून चुकून मांजर मेलं, तर जमावाने त्याला ठार केलं. राजाचे अधिकारीही त्याला वाचवू शकले नाहीत. हे डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने स्वतः पाहिलं होतं.

मांजरांच्या ममींचे एक्स-रे मात्र वेगळंच सांगतात. ब्रिटिश म्युझियममधल्या ममी तपासल्या, तेव्हा बरीच मांजरं २ ते ४ किंवा ९ ते १२ महिन्यांची निघाली आणि अनेकांच्या मानेचे मणके निखळलेले होते. ही लाडकी मांजरं नव्हेत, ही नवसाची. भाविकाने ममी विकत घ्यायची, देवीला वाहायची; मग अशा ममी एकगठ्ठा पुरल्या जात. मागणी मोठी, म्हणून मांजरं मुद्दाम पैदास करून लहानपणीच मारली जात. मोडलेली प्रत्येक मान मात्र हत्येचा पुरावा नाही: डोकं ताठ उभं राहावं म्हणून गुंडाळतानाही ती मोडलेली असू शकते.

आधी कलेवर नॅट्रॉनमध्ये वाळवत. नॅट्रॉन म्हणजे धुण्याचा नि खाण्याचा सोडा आणि मीठ यांचं नैसर्गिक मिश्रण. ते पाणी शोषून घेतं. वाळवण कच्चं राहिलं की आतून कुजायला सुरुवात. पुढचे पाय अंगालगत सरळ खाली, मागचे पोटाशी दुमडलेले, शेपूट पायांमधून वर. सगळा आकार बाटलीसारखा. वर चरबी, मेण, झाडांची राळ आणि लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडाच्या पट्ट्या. चांगल्या ममीवर फिक्या-गडद पट्ट्यांची चौकटींची वीण असते आणि चेहरा रंगवलेला. आत काय आहे ते भाविकाला कुठून दिसणार? मँचेस्टरमध्ये स्कॅन केलेल्या शेकडो प्राणी-ममींपैकी सुमारे एक तृतीयांशात प्राण्याचा अंशही नव्हता. नुसत्या चिंध्या, माती, काड्या.

१८८८मध्ये इजिप्तमधल्या बेनी हसन गावाजवळ अशा मांजरांचे थरच्या थर सापडले. १८९०मध्ये त्यातला सुमारे १९ टन माल लिव्हरपूलला खतासाठी लिलावात विकला गेला. मांजरं म्हणे १,८०,००० होती. भागाकार केला तर एकेकीच्या वाट्याला जेमतेम १०० ग्रॅम येतात. कापड गळून गेलं असं धरलं, तरी एक तर आकडा फुगवलेला आहे, नाहीतर त्या ढिगात बहुतेक पिल्लंच होती.